घाट एक, मैदान वेगळं : रोजचा पावसाचा इशारा मोबाईलवर कसा वाचायचा?

फोनच्या स्क्रीनवर ‘पुणे : हलका पाऊस’ दिसतं आणि आपण बाईक काढतो ताम्हिणीकडे. गडबड इथेच होते. तो अंदाज शहराचा आहे, घाटाचा नाही.

अरबी समुद्रावरून येणारे दमट वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि तिथेच बरसतात. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीहून जास्त पाऊस पडतो. जेमतेम २० किमीवरच्या पाचगणीत त्याच्या निम्माही नाही. बरीच अ‍ॅप्स जमिनीचे मोठे चौकोन पाडून हिशोब करतात, त्यामुळे डोंगर आणि पठार यांची सरासरी होऊन जाते. म्हणून मी आधी हवामान विभागाचा जिल्हावार इशारा बघतो. त्यात पुणे, सातारा, कोल्हापूर, नाशिक यांचे घाटभाग वेगळे दाखवतात.

रंग काय सांगतात?

हिरवा : इशारा नाही. पिवळा : लक्ष ठेवा. नारिंगी : तयार राहा. लाल : लगेच कृती करा.

‘मुसळधार’ म्हणजे नेमका किती?

हे २४ तासांचे आकडे आहेत :
- मुसळधार : ६४.५ ते ११५.५ मिमी
- अति मुसळधार : ११५.६ ते २०४.४ मिमी
- अत्यंत मुसळधार : २०४.५ मिमी किंवा जास्त

‘तुरळक ठिकाणी’ म्हणजे कमी पाऊस नव्हे. जिल्ह्यातल्या थोड्याच ठिकाणी पडेल, पण जिथे पडेल तिथे मुसळधारच.

तारीख नीट बघा

हवामान विभागाचा दिवस सकाळी साडेआठला बदलतो. रविवारी पहाटे पाचला निघणार असाल तर साडेआठपर्यंतचा इशारा शनिवारच्या रकान्यात असतो, पुढचा रविवारच्या. दोन्ही बघा.

विजांसाठी वेगळं अ‍ॅप

एप्रिल-मे आणि ऑक्टोबरमध्ये पठारावर दुपारनंतर ढग भराभर वाढतात. तेव्हा सकाळचा अंदाज पुरत नाही. पुढच्या तीन तासांपर्यंतचा तात्काळ इशारा, म्हणजे ‘नाऊकास्ट’, बघावा. सोबत पुण्याच्या आयआयटीएम संस्थेचं ‘दामिनी’ ठेवा. तुमच्यापासून २० आणि ४० किमीच्या परिघात वीज पडतेय का, ते कळतं. लोकेशन आणि नोटिफिकेशन चालू असेल तरच, हां!

घाटात रेंज गेली तर? वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा. साधारण तितके किलोमीटर अंतर. ३० सेकंदांच्या आत आवाज आला तर पक्क्या इमारतीत किंवा बंद गाडीत जा. झाडाखाली नको. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका.

डोक्यावर ऊन, तरी धोका

३० जून २०२४ रोजी लोणावळ्यात भुशी धरणाजवळच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. ओढ्याला पाणी वरून येतं. तुम्ही उभे आहात तिथे पाऊस थांबलेला असला, तरी माथ्यावर कोसळत असू शकतो. पाणी अचानक गढूळ झालं, आवाज वाढला, काटक्या-पाला वाहून यायला लागला, की फोटो राहू द्या, आधी बाहेर या.

माझा नियम साधा आहे : आदल्या रात्री रंग, निघताना नाऊकास्ट, पोचल्यावर आभाळ. घाटभाग नारिंगी असेल तर मी धबधब्याचा बेत रद्द करतो, लाल असेल तर घाटातच जात नाही. धबधबा पुढच्या रविवारीही तिथेच असतो.