विद्येचे साहाय्य आणि त्याच्या अटी



आपल्या साखरखेर्ड्याचे नाव इतिहासात आले ते रणामुळे. १७२४ च्या ऑक्टोबरात येथे निजामुल्मुल्काने मुबारिजखानाचा पाडाव केला आणि दक्षिणेत त्याच्या स्वतंत्र सत्तेचा पाया घातला गेला. लढाया आपण लक्षात ठेवतो. विद्यार्थ्याच्या हाती पडणाऱ्या पैशाचा इतिहास मात्र सहसा कोणी सांगत नाही. म्हणून आज आम्ही एकच प्रश्न घेतला आहे : मिळालेले साहाय्य विद्यार्थ्याकडे टिकावे कशाच्या बळावर?

ह्या कथेचा एक धागा त्याच काळातला आहे. तळेगावचे सेनापती दाभाडे श्रावणात विद्वान ब्राह्मणांस दक्षिणा वाटीत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले. पुढे हा परिपाठ पहिल्या बाजीरावाने पुण्यास चालविला. शास्त्र्यांची योग्यता पाहून रक्कम ठरे. म्हणजे परीक्षा होती. पण पहिली अट जन्माची, विद्या दुसरी. पेशवाई बुडाल्यावर त्याच निधीच्या आधाराने १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली, आणि कालांतराने दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. त्यांत महादेव गोविंद रानडेही होते.

ह्या रानड्यांच्या हुशारीविषयी कोणासच शंका नव्हती. तरीही विद्यार्थिदशेत मराठी राज्याच्या तुलनेत इंग्रजी अमलावर टीका करणारा निबंध लिहिल्याबद्दल प्राचार्य सर अलेक्झांडर ग्रँट यांनी त्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद केली, असे चरित्रकार सांगतात. येथे अट अभ्यासाची राहिली नाही. ती मताची झाली.

तिसरा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करावी, असा करार होता. १९१५ साली ते एम्. ए. झाले, पुढे लंडनला गेले. पण मुदत संपल्यामुळे १९१७ साली अभ्यास अर्धा सोडून त्यांना परतावे लागले. पैसा साठवून, छत्रपती शाहू महाराजांचे साहाय्य घेऊन ते १९२० साली पुन्हा लंडनला गेले आणि १९२३ साली डी. एस्सी. झाले. प्रगतीत उणे काही नव्हते; उणी पडली ती मुदत.

अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी १९४४ पासून सुरू झालेल्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत ह्या अनुभवाचे शहाणपण थोडेफार उतरलेले दिसते. वरच्या वर्गात गेल्यास नूतनीकरण, हजेरी नियमित हवी. पण आजारामुळे परीक्षा चुकली तर वैद्यकीय दाखल्यावर साहाय्य चालू राहण्याची तरतूदही त्यांत केली गेली.

निधी सार्वजनिक आहे, तेव्हा अट असणारच. तिला आमची हरकत नाही. परंतु आळस आणि अडचण यांतला फरक नियमाने ओळखला पाहिजे. आमच्या वऱ्हाडात पाऊस रुसला की पोरगा कॉलेज सोडून शेताच्या बांधावर उभा राहतो. त्या वर्षीचे त्याचे गुण पाहून साहाय्य कायमचे तोडले, तर आपण पैसा वाचविला असे म्हणू. पण तेथवर लावलेले सारे धन आणि त्याची सारी वर्षे वाया घालवू. अडखळलेल्यास उठण्याची एक संधी देणे, हाही निधीचा सदुपयोगच आहे.