एका आसाच्या दोन तारा

मी मॅट्रिकपुढे शिकलो नाही. कादंबऱ्या लिहितो आणि वडवणीत पोरांना शिकवतो. अशा माणसाने विजेच्या तारेचा इतिहास सांगायला का बसावे, असे एखादा वाचक विचारील, तर त्याचे काही चुकले नाही. मला हा अधिकार एका फजितीने दिला.

23 ऑगस्ट 2023 चा दिवस. चांद्रयान-3 संध्याकाळी सहा वाजून चार मिनिटांनी चंद्रावर उतरायचे होते. आमच्याकडे दसरा-दिवाळी आटोपली, की कितीतरी पोरे आईबापांबरोबर ऊसतोडीला निघून जातात. ऑगस्टात मात्र वर्ग भरलेला असतो. म्हणून मी हौसेने सगळ्यांना शाळेत बोलावले. छत्री एका टोकाच्या गच्चीवर, टीव्ही दुसऱ्या टोकाच्या मोठ्या खोलीत. मधले अंतर पंचेचाळीस मीटर. जुलैत मीच घरातले जुन्या वायरचे दोन तुकडे पिळून जोडले होते आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पैसे वाचले, याचा आनंद झाला होता! आयत्या वेळी चित्राचे चौकोन चौकोन झाले, आवाज तुटला आणि पडदा थिजला. पाच मिनिटांनी शेजारच्या घरातून टाळ्या ऐकू आल्या, तेव्हा यान उतरल्याचे आम्हाला कळले. सातवीतला एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, आपलं यान नाही उतरलं का?"

त्या प्रश्नाने माझी झोप उडाली. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीने सांधा उकलला, तर आत जाळी हिरवी पडलेली. त्या ऑगस्टात पावसाने मराठवाड्यात दडी मारली होती. पण जुलैत पडलेले पाणी माझ्या सांध्यात सुखाने राहत होते.

या वायरला कोॲक्सियल केबल म्हणतात. आडवी कापून पाहावी. मध्ये तांब्याची तार, तिच्याभोवती पांढरे पॉलिथिन, त्यावर धातूचा पत्रा किंवा जाळी आणि सर्वांत वर काळे आवरण. बैलगाडीची दोन्ही चाके एका आसावर, तशी मधली तार आणि भोवतीची जाळी एकाच आसावर. नाव त्यावरूनच पडले. जाळी केवळ मजबुतीसाठी असते, असा माझा समज होता. प्रत्यक्षात ती दुसरी तारच आहे. संदेशाची लहर या दोन तारांच्या मधल्या पोकळीतून, म्हणजे त्या पांढऱ्या भागातून जाते. बाहेरचा गोंगाट आत येत नाही आणि आतले बाहेर सांडत नाही.

ही युक्ती ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रजाची. पेटंट 1880 चे. हा गृहस्थ सोळाव्या वर्षी शाळा सोडलेला, कानाने अधू, काही वर्षे तार कंपनीत नोकरी केलेला. (मॅट्रिकवाल्यांना अशी माणसे आठवून ठेवावीशी वाटतात.) शेजारच्या तारेतले बोलणे आपल्या तारेत ऐकू येऊ नये, एवढाच तेव्हाचा हेतू होता. एकाच केबलमधून शेकडो संभाषणे, पुढे चित्रेही नेता येतील, हे अमेरिकेत बेल कंपनीच्या एस्पेनशीड आणि ॲफेल यांनी 1929 मध्ये मांडले. 1933 मध्ये इंग्लंडात पॉलिथिनचा शोध लागला आणि मधला भाग भरायला चांगला पदार्थ मिळाला. 1956 मध्ये तर अटलांटिकच्या तळाशी अशीच केबल पडली. एका वेळी छत्तीस संभाषणे!

पण मला खरा रस वाटला तो आपल्या मुलखातल्या गोष्टीत. गोविंद स्वरूप हा तरुण 1953 मध्ये ऑस्ट्रेलियाला आकाशातल्या रेडिओलहरींचा अभ्यास करायला गेला. तिथे सहा-सहा फुटांच्या बत्तीस थाळ्या कामातून निघत होत्या. त्या भारताला द्या, असे त्याने सुचवले आणि ते मान्य झाले. घोडे अडले वाहतूक-खर्चावर! थाळ्या आल्या, तोवर स्वरूप अमेरिकेच्या वाटेवर. 1963 मध्ये ते परतून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आले आणि 1965 मध्ये त्याच थाळ्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या : चोवीस पूर्व-पश्चिम, आठ दक्षिणोत्तर. देशातली ही पहिलीवहिली रेडिओ दुर्बिणींपैकी एक.

अशा दुर्बिणीत अनेक थाळ्यांचे संदेश एकत्र मिळवावे लागतात, आणि ते एकाच ठेक्यात पोचले पाहिजेत. भजनातला एक टाळकरी मागे पडला तर काय होते, ते ठाऊक आहेच. केबल उन्हात तापते, किंचित वाढते. लहरीच्या पोचण्याच्या वेळेत फरक पडतो. कल्याणला लहरीची लांबी सुमारे एकोणपन्नास सेंटिमीटर होती; भरीव पॉलिथिनच्या केबलमध्ये तीच लहर प्रकाशाच्या दोनतृतीयांश वेगाने जाते आणि तेहतीस सेंटिमीटरांची होते. म्हणजे दोन-चार सेंटिमीटरांचीही चूक महागात पडावी. यावर स्वरूप आणि यांग यांनी अमेरिकेत असतानाच उपाय काढला होता. 1961 मध्ये तो छापून आला. मधल्या ठिकाणाहून केबलमध्ये एक लहर सोडायची. थाळीपाशी बसवलेला छोटा डायोड उघडझाप करीत तिला परत पाठवतो. त्या उघडझापीच्या खुणेवरून नेमका तोच पडसाद ओळखता येतो आणि जाऊन-येऊन किती उशीर झाला, ते कळते. विहिरीत हाक मारून खोली अजमावावी, तसेच हे.

नंतर एका विज्ञान दिनाला मी पोरांना घेऊन नारायणगावजवळच्या खोडदला गेलो. पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस थाळ्या. दूरचा प्रवास तिथे काचेच्या तंतूतून होतो. पण आकाशातून आलेला क्षीण संदेश आधी थाळीच्या तोंडाशीच, लांब केबल लागायच्या आत, वाढवून घेतात. कारण केबल नुसती गिळत नाही, गिळते तितका स्वतःचा खरखराट मिसळते. एकदा मिसळलेला खरखराट पुढे कितीही शक्तिवर्धक लावले तरी वेगळा होत नाही, उलट तोही वाढतो. घरात टीव्हीपाशी बूस्टर लावणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. त्याची जागा वर, खांबावर.

वायर घेताना मी आता दुकानदाराला भंडावतो. टीव्हीसाठी 75 ओहमची, वायरलेस संचाला बहुधा 50 ची. हा आकडा मीटरने मोजू गेलात तर सापडायचा नाही. मधल्या तारेची जाडी, जाळीचा व्यास आणि पांढरा पदार्थ यांवरून तो ठरतो, लांबीशी त्याचा संबंध नाही. आरजी-6 जातीची चांगली केबलसुद्धा हजार मेगाहर्ट्झला दर पंधरा मीटरला संदेश निम्मा करते. माझ्या पंचेचाळीस मीटरांत आठवा हिस्साच उरत होता, आणि त्यातून पिळलेला सांधा! जाळी विरळ असेल, तर घेऊच नये. शिवाय याच वायरमधून खालची पेटी छत्रीला वीजही पुरवते, 13 किंवा 18 व्होल्ट. वायर हलकी असली की वाटेत दाब उतरतो आणि काही चॅनेल दिसतात, काही गायब. आम्ही मात्र शिव्या घालतो ढगांना.

शाळेला नवी केबल घातली, एकसंध, पैसे माझे. 25 जून 2025 ला दुपारी बाराच्या सुमारास शुभांशु शुक्ला अंतराळात निघाले, तेव्हा तो सातवीतला पोरगा नववीत होता. उड्डाणाआधी तो कोणाला न सांगता गच्चीवर जाऊन आला आणि म्हणाला, "गुरुजी, सांधा कुठंच नाही. बघून आलो."