गवताचा माळ आणि त्यावरचे पक्षी

डहाणू-तलासरीच्या गवताळ माळांवर पक्षिनिरीक्षणास जाणाऱ्याने त्या भूमीचा पूर्वेतिहासही ध्यानी ठेवावा. येथील वाळलेले गवत मुंबईच्या तबेल्यांना जाई. ते कापणाऱ्या वारल्यांनी, १९४५ साली झरी येथील परिषदेत वेठबिगारीविरुद्ध निर्धार केल्यानंतर, सावकार-जमीनदारांपुढे पाचशे पौंड गवतामागे अडीच रुपये मजुरीची रास्त मागणी मांडली आणि तीसाठी संप केला. अशाच माळांवर टिटवी खड्यांत मिसळून जाणारी, मातकट रंगाची, काळपट ठिपक्यांची चार अंडी उघड्यावर घालते, आणि चंडोल गात गात आकाशात चढतो. १९९१ च्या केंद्रीय अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. त्या संरक्षणाचा लाभ पक्ष्यांबरोबर वारली कुटुंबांनाही मिळाला, तरच तो हुकूम सार्थ होईल.