कोळसा पुरला असता तर

बल्लारपूरच्या सायडिंगवर तुम्ही उभे आहात. वाघिणींमध्ये कोळसा भरला जातोय. नखांत, वाळत घातलेल्या कपड्यांवर त्याची धूळ, दाताखाली कचकच. चंद्रपूरकराला यात नवल नाही. इथला माणूस कोळशाच्या राशीतच वाढतो. डोळे मिटा. पायाखालची जमीन हलू लागेल.

फेब्रुवारी १९४१. तुम्ही ‘गिरसप्पा’ या मालवाहू जहाजावर आहात. नाव जोगच्या धबधब्याचं, वाट उत्तर अटलांटिकची. कलकत्त्याहून निघताना पोटात चहा, बिडाचं लोखंड आणि चांदीच्या विटा भरल्यात. शेजारी उभा आहे नॉर्मन थॉमस, वय २०, जहाजावरचा गोलंदाज. आज या शब्दानं क्रिकेट आठवतं, पण हा तोफेचा गोलंदाज. पाणबुड्यांच्या भीतीनं तेव्हा व्यापारी जहाजांवरही तोफा चढवल्या होत्या, आणि त्या चालवायला अशी पोरं.

तळाशी उतरा. बॉयलरच्या तोंडाशी आगवाले फावड्यानं कोळसा लोटताहेत. खलाशी बहुतेक सगळे आपल्या देशातले. वारा समोरून, समुद्र खवळलेला. कोळसा हिशेबापेक्षा भराभर संपतोय. १४ तारखेला कप्तान सोबतच्या जहाजांचा ताफा सोडतो आणि आयर्लंडच्या गॉलवे बंदराकडे वळतो. जहाज आता एकटं, वेग जेमतेम. कोळसा पुरला असता तर ते ताफ्यातच राहिलं असतं. ही गोष्ट मला चंद्रपुरात बसून विसरता येत नाही.

१६ तारखेला सकाळी एक जर्मन विमान वर घिरट्या घालून जातं. रात्री दिवे बंद. आलापल्लीच्या सागवनात अमावस्येला असतो तसाच काळोख. डोळ्यांपुढं धरलेला हात दिसत नाही. मग टॉर्पेडो. पुढची डोलकाठी कोसळते, बिनतारी संदेशाच्या तारा तुटतात, मदतीची हाक बाहेर जातच नाही.

एकच होडी सुटते. तुम्ही तिच्यात आहात, थॉमसही. एकूण ३१ जण, त्यातले २३ हिंदी खलाशी. सुकाणूवर दुसरा अधिकारी रिचर्ड आयर्स. थंडीनं बोटं बधिर, पिण्याचं पाणी संपलेलं. एकेक माणूस गप्प होतो. कुणाचं गाव कुठलं, हे विचारायला ओठ हलत नाहीत. तेरा दिवस.

१ मार्चला इंग्लंडच्या दक्षिण टोकाला, लिझार्डचे कडे दिसतात. हात लांबवला तर पोचेल असं वाटावं इतकी जमीन जवळ. खडकांपाशी एक लाट होडी उलटवते. किनाऱ्यावर जिवंत लागतो फक्त आयर्स.

थॉमसला तिथल्याच लँडेवेडनॅकच्या चर्चच्या आवारात मूठमाती मिळाली. त्याच्याबरोबर १८ वर्षांचा बिनतारी अधिकारी रॉबर्ट हॅम्पशायर. जहाजावरची चांदी २०१२ आणि २०१३ मध्ये सुमारे ४,७०० मीटर खोलीवरून वर काढली. कित्येक पत्रंही सापडली. जहाजाबरोबर बुडालेले आगवाले मात्र समुद्रातच राहिले.

आता मुंबईला चला, मशीद बंदरजवळच्या खलाशी गृहात. समुद्राखेरीज ज्यांना थडगं नाही, अशा दुसऱ्या महायुद्धातल्या हजारो हिंदी खलाशांची यादी इथं ठेवली आहे. तशीच दुसरी चितगावला. पानं सावकाश उलटा. बोट ‘गिरसप्पा’ या नावापाशी थांबलं की शेजारचं माणसाचं नाव मोठ्यानं वाचा.