जेट्सचा मालक कोण?

१९७४-७५च्या हंगामात एका रात्री नेड डाउडने बहिणीला फोन लावला. नेड पेनसिल्व्हेनियातल्या जॉन्सटाउन जेट्स या आइस हॉकी संघाकडून खेळत होता. बहीण नॅन्सी दूर राहून पटकथालेखनात जम बसवू पाहत होती. संघ विकायला काढलाय असं कानावर येतंय, आमचं पुढे काय होणार कोणास ठाऊक, असं तो सांगत होता. नॅन्सीने विचारलं, ‘पण तुमचा मालक आहे तरी कोण?’ नेडला सांगता येईना. ज्या संघासाठी तो अंगावर मार झेलत होता, तो संघ कोणाचा आहे हेच त्याला ठाऊक नव्हतं.

या एका प्रश्नातून पुढे चित्रपट निघाला आणि तो जगभर पाहिला गेला. पण जेट्सचा तो हंगाम समजून घ्यायचा तर आधी गाव बघायला हवं.

जॉन्सटाउन पिट्सबर्गच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर आहे. लिटल कोनमॉ आणि स्टोनीक्रीक या दोन नद्यांचा संगम, भोवती उभे डोंगर आणि मधल्या चिंचोळ्या सपाटीवर दाटीने वसलेलं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून इथे कॅम्ब्रिया आयर्न कंपनीच्या भट्ट्या पेटल्या. रेल्वेचे रूळ, पोलाद, काटेरी तार असा माल इथून देशभर जायचा. ३१ मे १८८९ रोजी वरच्या अंगाचं साउथ फोर्क धरण फुटलं. तलाव पिट्सबर्गच्या धनाढ्य उद्योगपतींच्या खासगी मासेमारी क्लबचा होता आणि धरणाची निगा नीट राखली गेली नव्हती. पाण्याच्या लोंढ्याने गाव खरवडून नेलं. काटेरी तारेचा कारखाना वाहून गेला. त्याच्या तारांची भेंडोळी, घरांचे वासे, रेल्वेचे डबे आणि माणसं असं सगळं दगडी पुलापाशी एकात एक अडकून पडलं आणि त्या ढिगाऱ्याने पेट घेतला. २,२०९ माणसं मेली.

त्या ढिगाऱ्यातून लोखंडाचा एक कुत्राही बाहेर निघाला. जेम्स मॉर्ली नावाच्या कंपनीच्या अधिकाऱ्याच्या अंगणात शोभेसाठी उभा केलेला तो ओतीव पुतळा होता. आज तो गावातल्या भरचौकात आहे. याच कुत्र्याने पुरात कोणाचा तरी जीव वाचवला, असं बरेच लोक समजतात. तो तर ओतलेलं लोखंड. पण लोखंडावर जगलेल्या गावाने अशा कुत्र्यावर जीव लावला, यात नवल वाटू नये.

गाव पुन्हा उभं राहिलं. १९२३मध्ये कारखाने बेथलेहेम स्टीलकडे गेले. १९३६मध्ये पुन्हा मोठा पूर आला, तेव्हा सरकारने नद्यांना काँक्रीटच्या भिंती बांधून दिल्या आणि आता आपलं गाव पूरमुक्त झालं, असं जॉन्सटाउन अभिमानाने सांगू लागलं. भट्ट्या तीन पाळ्यांत धडधडत होत्या, हजारो घरांच्या चुली त्यावर चालत होत्या. अशा भरभराटीच्या काळात, १९५०मध्ये, गावाच्या मध्यवस्तीत युद्धातल्या सैनिकांच्या स्मरणार्थ वॉर मेमोरियल अरीना उभं राहिलं. साधारण चार हजार प्रेक्षकांची सोय, आत कृत्रिम बर्फाचं मैदान. त्याच वर्षी जेट्स संघ सुरू झाला.

आपल्याकडच्या वाचकाला हॉकी म्हटलं की गवत किंवा टर्फ आठवतं. आइस हॉकीत एका वेळी प्रत्येकी सहा खेळाडू बर्फावर असतात. पायात धारदार पात्यांचे स्केट, चेंडूऐवजी रबराची चपटी चकती म्हणजे पक, आणि वीस वीस मिनिटांचे तीन डाव. मैदानाला कडेने फळ्यांचं कुंपण असतं आणि त्यावर प्रतिस्पर्ध्याला अंगाने ढकलून आदळणं नियमात बसतं. दोघांनी हातमोजे फेकून उघड मारामारी केली, तर उत्तर अमेरिकेतल्या व्यावसायिक खेळात त्याची शिक्षा सहसा पाच मिनिटं बाहेर बसण्याची. त्यानंतर तोच खेळाडू पुन्हा बर्फावर येतो. सत्तरच्या दशकाचा सगळा गोंधळ या पाच मिनिटांत आहे. त्याच पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फिया फ्लायर्सनी दांडगाईच्या जोरावर १९७४ आणि १९७५ अशी लागोपाठ दोन वर्षं सर्वोच्च लीगचा स्टॅनले चषक जिंकला. सर्वोच्च पातळीवर दांडगाई फळते हे दिसल्यावर खालच्या पायऱ्यांवर काय झालं असेल, याचा अंदाज करता येतो.

जेट्स त्या खालच्या पायरीवर होते. वर नॅशनल हॉकी लीग, तिच्याशी टक्कर देणारी वर्ल्ड हॉकी असोसिएशन, त्याखाली होतकरू खेळाडूंच्या लीग आणि आणखी खाली १९७३मध्ये सुरू झालेली नॉर्थ अमेरिकन हॉकी लीग. या लीगमधली गावं बघितली तरी चित्र स्पष्ट होतं: सिरॅक्यूज, उटिका, बिंगहॅमटन, मेन राज्यातलं लुइस्टन. बरीचशी कारखान्यांची गावं, आणि त्यातल्या अनेकांचे सुगीचे दिवस ओसरत चाललेले. प्रवास बसने. जॉन्सटाउनहून लुइस्टन हजाराहून अधिक किलोमीटर. खेळायचं, बसमध्ये झोपायचं, सकाळी दुसऱ्या गावात उतरायचं. पगार बेताचा. वरून बोलावणं येईल या आशेवर कोणी वीस वर्षांचा तर कोणी तिशी ओलांडलेला, दोघेही एकाच बाकावर.

१९७४च्या शरद ऋतूत या संघात तीन भाऊ दाखल झाले. जेफ, जॅक आणि स्टीव्ह कार्लसन हे मिनेसोटातल्या व्हर्जिनिया गावचे. हे गाव मेसाबी डोंगररांगेत आहे, आणि अमेरिकेच्या पोलाद कारखान्यांना लागणारं कितीतरी लोहखनिज त्या रांगेतून निघून मोठ्या सरोवरांमार्गे पूर्वेकडे जायचं. ज्या मुलखातून खनिज यायचं त्याच मुलखातून ही पोरंही पोलादाच्या गावात आली, ही गोष्ट या हंगामाबद्दल बोलताना कोणी सहसा बोलत नाही. जेफ आणि स्टीव्हच्या डोळ्यांवर जाड काळ्या फ्रेमचे चष्मे. हॉटेलच्या खोलीत फावल्या वेळात ते खेळण्यातल्या विजेच्या मोटारींच्या शर्यती लावत. आणि बर्फावर उतरले की समोरच्याची खैर नाही. उटिकाच्या एका सामन्यात प्रेक्षकांतून फेकलेली वस्तू जेफच्या तोंडावर लागली, तेव्हा भावंडं थेट प्रेक्षकांत घुसली आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं. त्यांच्यासारखाच दांडगा डेव्ह हॅन्सन त्याच संघात होता. त्याला सगळे ‘किलर’ म्हणायचे.

पण ही पोरं नुसती मारामारी करणारी होती असं समजणं अन्यायाचं होईल. स्टीव्ह चांगला खेळाडू होता. पुढे वर्ल्ड हॉकी असोसिएशनमध्ये त्याला आधी म्हाताऱ्या झालेल्या दिग्गज गॉर्डी होबरोबर आणि नंतर पुढे दिग्गज ठरलेल्या कोवळ्या वेन ग्रेट्स्कीबरोबर एका संघात खेळायला मिळालं, आणि मग तो नॅशनल हॉकी लीगमध्येही खेळला. जॅकला तर त्याच हंगामात मिनेसोटाच्या फायटिंग सेंट्सने वर उचललं. प्रशिक्षक डिक रोबर्ज हे स्वतः अनेक वर्षं जेट्सकडून गोल करून गावाच्या गळ्यातला ताईत बनलेले. गुणतक्त्यात जेट्स काही सर्वांत वर नव्हते. बाद फेरीत मात्र ते एकेक संघ हरवत गेले आणि अंतिम फेरीत बिंगहॅमटनच्या ब्रूम डस्टर्सना नमवून त्यांनी लीगचा लॉकहार्ट चषक गावात आणला.

दरम्यान नॅन्सी गावात येऊन राहिली होती. ड्रेसिंग रूममध्ये बाईला प्रवेश नव्हता, म्हणून तिने नेडच्या हाती टेपरेकॉर्डर दिला. नेड तो बसमध्ये न्यायचा, ड्रेसिंग रूममध्ये न्यायचा. दमलेली, चिडलेली, हसणारी, शिव्या देणारी माणसं जशी बोलत होती तशी त्या फितींवर उतरली. एखाद्या दुय्यम लीगच्या संघाचा हंगाम सहसा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरच्या आकड्यांत संपतो. या संघाचा आवाज जपला गेला, तो एका बहिणीने कान देऊन ऐकायचं ठरवलं म्हणून.

पटकथेचं नाव ‘स्लॅप शॉट’. दिग्दर्शक जॉर्ज रॉय हिल, नायक पॉल न्यूमन. १९७६मध्ये बरंचसं चित्रीकरण खुद्द जॉन्सटाउनमध्ये, वॉर मेमोरियलच्याच बर्फावर झालं. गावाचं नाव बदलून चार्ल्सटाउन केलं, संघाचं चीफ्स. मॉर्लीचा कुत्राही पडद्यावर आला, मात्र कथेत त्याने गावाला पुरातून वाचवलेलं असतं. तीन कार्लसन भाऊ पडद्यावर हॅन्सन बंधू झाले. त्यातल्या जॅकला ऐन वेळी वरच्या लीगमधून बोलावणं आलं, तेव्हा त्याच्या जागी डेव्ह हॅन्सन उभा राहिला. अशा तऱ्हेने खऱ्या हॅन्सनला पडद्यावर ‘हॅन्सन’ होता आलं, आणि त्याच्यावरून बेतलेलं ‘किलर’चं पात्र मात्र दुसऱ्याच नटाने केलं. नेडही चित्रपटात आहे. ज्याच्या नुसत्या नावाने विरुद्ध संघ घाबरतात, त्या ओगी ओगिलथॉर्पची भूमिका त्याने केली.

लोकांच्या लक्षात राहिलं ते मुठींभोवती अॅल्युमिनियमची फॉइल गुंडाळून बर्फावर उतरणारं चष्मेवालं त्रिकूट. पण चित्रपटाचा कणा दुसराच आहे. त्यातल्या गावाचा कारखाना बंद होणार, दहा हजार कामगार घरी बसणार, आणि कारखाना गेला की संघही जाणार. म्हातारा होत चाललेला खेळाडू-प्रशिक्षक संघ टिकवण्यासाठी मारामारीचा आधार घेतो, स्टेडियम भरू लागतं, आणि तो मालक कोण ते शोधत सुटतो. शेवटी मालकीण सापडते. बर्फाकडे कधी न फिरकलेली श्रीमंत बाई. संघ विकण्यापेक्षा बंद करून करात सूट घेणं तिला जास्त सोयीचं वाटतं. नॅन्सीच्या फोनवरच्या प्रश्नाला पडद्यावर मिळालेलं उत्तर हे असं आहे. ‘स्लॅप शॉट’ विनोदी चित्रपट म्हणून गाजला खरा, पण सत्तरच्या दशकातल्या पोलादाच्या गावांवर इतकं खरं लिहिणाऱ्या कलाकृती फार थोड्या आहेत.

चित्रपट २५ फेब्रुवारी १९७७ रोजी प्रदर्शित झाला. पाच महिनेही उलटले नव्हते. १९ जुलैच्या रात्री जॉन्सटाउनवर पाऊस कोसळू लागला आणि दहा तासांत जवळजवळ तीनशे मिलिमीटर पाणी पडलं. आसपासची छोटी धरणं फुटली. त्यातलं लॉरेल रनचं फुटणं सर्वांत जीवघेणं ठरलं. ऐंशीहून जास्त माणसं गेली. पूरमुक्त म्हणवणाऱ्या गावात पुन्हा चिखल, पुन्हा ढिगारे. पाणी अरीनातही शिरलं. त्याच उन्हाळ्यात लीग मोडली, आणि सत्तावीस वर्षांचा जेट्स संघ संपला.

पुरानंतर बेथलेहेम स्टीलने जॉन्सटाउनमधल्या हजारो नोकऱ्या कापल्या. यंत्रसामग्री जुनी, बाहेरचं पोलाद स्वस्त, त्यात पुराचं नुकसान. १९८३मध्ये गावात बेकारी इतकी होती की चौघांमागे जवळपास एकाला काम नव्हतं. संपूर्ण अमेरिकेत त्या वेळी जॉन्सटाउन बेकारीत सर्वांत वर होतं. १९९२मध्ये बेथलेहेमने इथलं पोलादाचं काम बंद केलं. पडद्यावर १९७७मध्ये जे दाखवलं ते गावाला पंधरा वर्षं हप्त्याहप्त्याने भोगावं लागलं.

मधल्या काळात दुसऱ्या नावाचे संघ आले आणि गेले. मग जानेवारी १९८८मध्ये, भट्ट्या विझत असताना, गावात पुन्हा व्यावसायिक हॉकी सुरू झाली. नव्या संघाचं नाव काय असावं? चीफ्स. म्हणजे जेट्सवरून बेतलेल्या खोट्या संघाचं नाव खऱ्या संघाने घेतलं. आणि लवकरच प्रशिक्षक म्हणून आला स्टीव्ह कार्लसन. एके काळी प्रेक्षकांत घुसणारा पोरगा आता बाकामागे उभा राहून दुसऱ्या पोरांना सांभाळत होता. त्याच वर्षी निघालेल्या ईस्ट कोस्ट हॉकी लीगच्या पाच संस्थापक संघांमध्ये चीफ्स होते. पहिल्याच हंगामात ते अंतिम फेरीत पोचले आणि सातव्या सामन्यात कॅरोलिना थंडरबर्ड्सकडून हरले. त्यानंतर तब्बल दोन दशकं, कारखाने नसलेल्या आणि लोकसंख्या घटत चाललेल्या गावात, हा संघ तग धरून राहिला. २०१०मध्ये तो दक्षिण कॅरोलिनातल्या ग्रीनव्हिलला हलवला गेला.

बर्फ मात्र गोठतच राहिला. २०१५मध्ये अमेरिकेतल्या पहिल्या ‘क्राफ्ट हॉकीव्हिल’ स्पर्धेत जॉन्सटाउन पहिलं आलं. बक्षीस म्हणून अरीनाच्या डागडुजीसाठी दीड लाख डॉलर मिळाले, आणि त्या सप्टेंबरात पिट्सबर्ग पेंग्विन्स व टँपा बे लाइटनिंग हे नॅशनल हॉकी लीगचे संघ या चार हजारांच्या अरीनात सराव सामना खेळून गेले.

आणि २०१२पासून तिथे टॉमाहॉक्स खेळतात. तो विशीच्या आतल्या-बाहेरच्या मुलांचा संघ आहे, पगार न घेता कॉलेजच्या हॉकीत जागा मिळवण्यासाठी खेळणारा. त्यांच्या लीगचं नाव पुन्हा नॉर्थ अमेरिकन हॉकी लीगच आहे, मात्र जेट्सच्या लीगशी तिचा नावापलीकडे संबंध नाही. मुलं बाहेरगावची. ती गावातल्या कुटुंबांकडे राहतात, त्यांच्याच टेबलावर जेवतात, संध्याकाळी स्केट खांद्याला अडकवून वॉर मेमोरियलला जातात. आणि एक-दोन हंगाम खेळून कॉलेजच्या गावी निघून जातात.