हातची किंमत

हातची किंमत म्हणजे लिलावातील वस्तू ज्या रकमेच्या खाली विकावयाची नाही, अशी विक्रेत्याने बोली सुरू होण्यापूर्वीच ठरवून ठेवलेली किमान रक्कम. ती आधी जाहीर केली जाते किंवा गुप्त ठेवली जाते. खानदेशात, विशेषतः जळगाव व धुळे जिल्ह्यांत, ही संज्ञा प्रामुख्याने वाळूगटांच्या व महसूल खात्याने जप्त केलेल्या वाहनांच्या लिलावामुळे परिचित आहे. दुर्मीळ मोटारगाड्यांच्या आंतरराष्ट्रीय लिलावांतही हेच तत्त्व लागू असते. मात्र तेथे ही किंमत बहुधा गुप्त असते.

शब्दप्रयोग

'लिलाव' हा शब्द पोर्तुगीजमधून, तर 'हर्रास' हा अरबी 'हराज'वरून मराठीत आला. खेड्यापाड्यांत जुनी माणसे आजही 'हर्रास' म्हणतात. महसूल खात्याच्या कागदपत्रांत 'हातची किंमत' किंवा 'अपसेट प्राईस', बँकांच्या जाहीर नोटिशीत 'राखीव किंमत' व बोलभाषेत 'सरकारी बोली' असे शब्द आढळतात. सरकारी बोली हा शब्द काहीसा फसवा आहे. सरकार येथे बोली लावत नाही, फक्त बोलीचा तळ ठरवते.

कायदेशीर आधार

जंगम वस्तूंच्या लिलावासाठी मालविक्री अधिनियम, १९३० मधील कलम ६४ हा मूळ आधार आहे. हातोडा पडताच किंवा अन्य रूढ खुणेने विक्री पूर्ण होते. तोपर्यंत कोणत्याही बोलीदारास आपली बोली मागे घेता येते. विक्री हातच्या किमतीस अधीन आहे असे जाहीर करण्याची मुभा विक्रेत्यास आहे. स्वतः बोली लावण्याचा हक्क मात्र त्याने आधी जाहीर करून राखून ठेवावा लागतो. असे न करता त्याने आपला माणूस गर्दीत उभा करून भाव चढविला, तर ती फसवणूक मानता येते. खोट्या बोलीने भाव वाढविल्यास खरेदीदारास व्यवहार रद्द करता येतो.

कर्जवसुलीसाठी बँकांनी काढलेल्या स्थावर मालमत्तेच्या लिलावास २००२ चा सरफेसी कायदा व त्याखालील नियम लागू होतात. मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराच्या अहवालानंतर राखीव किंमत ठरते. सर्वोच्च बोलीदाराने २५ टक्के रक्कम तत्काळ व उरलेली साधारणतः पंधरा दिवसांत भरावयाची असते. राखीव किमतीपर्यंत बोली न पोहोचल्यास कर्जदार व बँक या दोघांच्या संमतीनेच कमी किमतीला विक्री होऊ शकते.

खानदेशातील वाळूगट

गिरणा, तापी, पांझरा या नद्यांच्या पात्रांतील वाळूगटांचे लिलाव जिल्हाधिकारी काढतात. हातची किंमत गटातील वाळूच्या अंदाजित साठ्यावर, म्हणजे ब्रासच्या संख्येवर, अवलंबून असते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. किंमत फार चढी ठेवली की बोलीदार येत नाहीत, गट पडून राहतो व ती उतरवून फेरलिलाव काढावा लागतो. दरम्यान पात्र शांत राहत नाही, रात्री ट्रॅक्टर उतरतात. न विकलेल्या गटाची राखीव किंमत कागदावर कितीही असो, शासनाच्या तिजोरीत त्यातून काही पडत नाही.

एप्रिल २०२३ च्या धोरणाने लिलावाऐवजी शासकीय डेपोतून ६०० रुपये ब्रास या दराने वाळू देण्याची पद्धत आणली. एप्रिल २०२५ च्या धोरणाने पुन्हा ई-लिलावाचा मार्ग स्वीकारला व घरकुल लाभार्थ्यांसाठी १० टक्के वाळू राखून ठेवली. म्हणजे दोन वर्षांच्या खंडानंतर हातची किंमत परत आली.

जप्त वाहनांचा लिलाव

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ४८(७) नुसार अवैध उत्खननासाठी वाळूच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो आणि ४८(८) नुसार वाहन जप्त करता येते. २०१८ च्या नियमदुरुस्तीने वाहनांवरील दंडाचे दरही ठरविले गेले : ट्रॅक्टर-ट्रॉलीसाठी १ लाख, डंपरसाठी २ लाख, उत्खनन यंत्रासाठी साडेसात लाख रुपये. मालकाने दंड न भरल्यास ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल केली जाते आणि वाहन लिलावात काढले जाते.

येथे हातची किंमत परिवहन कार्यालयाच्या मूल्यांकनावरून ठरते. मूल्यांकनाच्या दिवशी वाहन चालू स्थितीत असते. लिलावाच्या दिवशी तेच वाहन तहसील कचेरीच्या आवारात दोन पावसाळे काढून बसलेले असू शकते. बॅटरी उतरलेली, टायर चिरलेले, डिझेलच्या टाकीत पाणी. किंमत मात्र जुन्याच कागदावरची. मग बोलीदार आवारात एक फेरी मारतात आणि बोली न लावता निघून जातात. फेरलिलावाची तारीख पडते, वाहन आणखी गंजते. मूल्यांकन लिलावाच्या आधी नव्याने करणे हा यावरचा सरळ उपाय आहे.

उलट, किंमत फार खाली आणली तर दुसरेच संकट उभे राहते. गावातले चार-पाच नेहमीचे भंगारवाले व वाहन-दलाल आपापसांत ठरवून येतात. एकच जण बोली लावतो, बाकीचे गप्प राहतात आणि नंतर वाहन बाहेर आपसांत पुन्हा 'बोलले' जाते. अशा संगनमताविरुद्ध हातची किंमत हाच शेवटचा बांध असतो. यात नुकसान शासनापेक्षा मूळ मालकाचे अधिक होते, ही गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. लिलावातून आलेली रक्कम दंडास अपुरी पडली तर उरलेली थकबाकी त्याच्याच नावावर राहते आणि त्याच्या सातबारा उताऱ्यावर बोजा चढू शकतो. ट्रॅक्टर गेला, कर्ज देणाऱ्या कंपनीचे हप्ते उरले आणि जमिनीवर बोजा बसला, अशी अवस्था केवळ एका चुकीच्या आकड्याने येऊ शकते.

बोलीचे नियमही तितकेच परिणाम करतात. अनामत मोठी ठेवली की होतकरू शेतकरी बोलीदार वगळला जातो. नाममात्र ठेवली की पैसे न भरणारे बोलीदार येतात. मुंबईत डिसेंबर २०१५ मध्ये दाऊद इब्राहिमच्या जप्त मालमत्तेच्या लिलावात दोन्ही टोके दिसली. १५,७०० रुपये हातची किंमत असलेली जुनी ह्युंदाई ॲक्सेंट ३२,००० रुपयांना गेली व खरेदीदाराने ती जाहीरपणे जाळली. त्याच दिवशी १ कोटी १८ लाखांची राखीव किंमत असलेल्या उपाहारगृहाच्या मालमत्तेवर ४ कोटी २८ लाखांची बोली लागली, पण ती रक्कम भरली गेली नाही व २०१७ मध्ये पुन्हा लिलाव करावा लागला.

बाजार समितीतील लिलाव

१९२७ च्या मुंबई कापूस बाजार कायद्याखाली नियंत्रित झालेल्या अगदी आरंभीच्या बाजारांत धुळ्याची गणना होते. रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची 'हत्ता' पद्धत नियंत्रित बाजारांत बंद करून उघड बोली आणली गेली. येथे हातची किंमत कोणी जाहीर करीत नाही. भाव न पटल्यास माल न देण्याचा शेतकऱ्याचा हक्क हीच त्याची राखीव किंमत. भाड्याच्या टेम्पोने माल आणलेल्या शेतकऱ्याला तो हक्क वापरणे परवडत नाही, हे वेगळे.

हमीभावाला अनेकदा राखीव किंमत समजले जाते. ते बरोबर नाही. २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये आहे, परंतु कापूस महामंडळाचे केंद्र सुरू असेल व ओलावा १२ टक्क्यांच्या आत असेल तरच त्याचा आधार मिळतो. खानदेशातील बराचसा कापूस 'खेडा खरेदी'त दारावरच जातो. रावेर-यावल पट्ट्यातील केळीही मुख्यत्वे जाहीर भावाच्या आधारे बागेतच विकली जाते, तर सीमेपलीकडे बऱ्हाणपूरच्या मंडईत तिचा लिलाव होतो.

संग्राह्य मोटारगाड्या

दुर्मीळ मोटारींच्या लिलावात राखीव किंमत गुप्त ठेवतात, जेणेकरून बोलीदार तिच्यापाशीच थांबू नयेत. काही गाड्या मुद्दाम 'राखीव किमतीशिवाय' मांडतात. विक्री नक्की आहे हे कळल्याने गर्दी वाढते. ऑगस्ट २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे पोर्शे टाइप ६४ या गाडीची बोली पडद्यावर चुकून ७ कोटी डॉलरपर्यंत दाखविली गेली. ती १ कोटी ७० लाख असल्याचे स्पष्ट होताच सभागृहात गोंधळ झाला आणि राखीव किंमत न गाठल्याने गाडी विकली गेली नाही. मे २०२२ मध्ये मर्सिडीजची १९५५ ची ३०० एसएलआर कूपे १३ कोटी ५० लाख युरोंना विकली गेली, तीही केवळ निमंत्रितांसाठी खुल्या असलेल्या लिलावात.

भारतात पन्नास वर्षांवरील दुचाकी-चारचाकी वाहनांसाठी २०२१ पासून 'व्हीए' मालिकेची स्वतंत्र नोंदणी आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे. मात्र १ एप्रिल २०२३ पासून शासकीय मालकीच्या १५ वर्षांवरील वाहनांच्या नोंदणीचे नूतनीकरण होत नाही व ती अधिकृत भंगार केंद्राकडेच जातात. जिल्हा कचेरीची जुनी जीप त्यामुळे पन्नाशी गाठण्यापूर्वीच वजनावर विकली जाते.