वॉरंट साहेबांचा धाक

हवाई दलातून निवृत्त झालेल्या माणसाला विमानांबद्दल विचारा, पाच मिनिटांत गोष्ट वॉरंट ऑफिसरवर येते. युद्ध, बदल्या, पदकं सगळं मागे पडतं. राहतो तो एक मिशीवाला, कडक इस्त्रीचा माणूस, पन्नास पावलांवरून तुमच्या शर्टाचं उघडं बटण पाहणारा.

आपल्या 1996 च्या दहावीत हवाई दलातल्या वडिलांची मुलं बरीच होती. बाई कविता शिकवत असताना डोक्यावरून मिग-29 गेलं की त्या खडू हातात धरून थांबायच्या आणि आवाज विरला की नेमक्या त्याच शब्दापासून पुढे सुरू व्हायच्या, हे कुणी विसरलं नसेल. स्मरणिकेसाठी काहीतरी इतिहासाचं लिही, असा निरोप आला तेव्हा मी आपल्यापैकी तिघांच्या वडिलांकडे जाऊन बसले. तिघेही धानोरी-विश्रांतवाडीकडे स्थायिक झालेले, सत्तरी ओलांडलेले. नावं देत नाही, पण त्यांची मुलं वाचताच ओळखतील.

आधी हुद्द्याबद्दल थोडं. अधिकाऱ्याला राष्ट्रपतींच्या नावाने कमिशन मिळतं. वॉरंट ऑफिसर मात्र खालून चढत येतो: एअरक्राफ्ट्समन, लीडिंग एअरक्राफ्ट्समन, कॉर्पोरल, सार्जंट, मग ज्युनिअर वॉरंट ऑफिसर, वॉरंट ऑफिसर आणि शेवटी मास्टर वॉरंट ऑफिसर. सैन्यात नायब सुभेदार, सुभेदार आणि सुभेदार मेजर, तशी ही शेवटची तीन पदं. त्यात तळाच्या शिस्तीचा जिम्मा असतो तो स्टेशन वॉरंट ऑफिसर. पोरगेलासा फ्लाइंग ऑफिसर हुद्द्याने वर असतो, पण वीसेक वर्षं नोकरी झालेल्या वॉरंटशी तोही सांभाळून बोलतो.

तिघांचंही प्रशिक्षण बेळगावजवळच्या सांबऱ्यात सुरू झालं. बिलेटमधल्या घोंगडीच्या घडीची धार, चेहरा दिसेल असे बूट, संध्याकाळी गेटवर बाहेर जाण्याआधीची तपासणी, केस वाढले म्हणून झालेला रगडा, हे सगळं हसत हसत सांगून झालं. मग पहिले काका म्हणाले, त्यांचा वॉरंट सांगायचा की टोपीखालचे केस तुझे, टोपीबाहेरचे माझे. दुसऱ्या काकांनी हेच वाक्य त्यांच्या वॉरंटच्या तोंडी घातलं, आणि तिसऱ्यांनी त्यांच्या. तीन माणसं, तीन तळ, एकच वाक्य. माझ्या कामाची सवय अशी की तीन ठिकाणी एकच ओळ दिसली की ती कुठून कॉपी झाली हे शोधावंसं वाटतं. बहुधा ते वाक्य कुणा एकाचं नसावंच. ते हुद्द्याबरोबर हातोहात येत असावं.

हा हुद्दा आणि त्याची रीत दोन्ही ब्रिटिशांच्या रॉयल एअर फोर्सकडून आली. तिथल्या कवायतीचं सर्वांत कडवट वर्णन ज्याने केलं तो साधासुधा शिपाई नव्हता. पहिल्या महायुद्धात ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेला कर्नल लॉरेन्स 1922 मध्ये खोटं नाव घेऊन अगदी खालच्या पायरीवर भरती झाला. अक्सब्रिजच्या प्रशिक्षण केंद्रात रंगरुटांना कसं मोडलं जातं, हे त्याने ‘द मिंट’ या पुस्तकात लिहिलं. 1927 मध्ये तो कराचीच्या द्रिघ रोड तळावर आला आणि या पुस्तकाचं काम त्याने तिथे पुरं केलं. ते सर्वांसाठी छापलं गेलं 1955 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर वीस वर्षांनी.

याच द्रिघ रोडवर 1 एप्रिल 1933 रोजी भारतीय हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली. चार वापिती विमानं आणि 19 हवाई सिपाही. आणि याच द्रिघ रोडवर जानेवारी 1946 मध्ये ब्रिटिश हवाई सैनिकांनी संप केला. युद्ध संपून महिने झाले तरी घरी पाठवत नाहीत, हा मूळ राग. ठिणगी पडली ती मात्र शनिवारी ठेवणीतल्या गणवेशात परेड आणि सामानाची तपासणी होईल, या हुकमाने. संप अनेक तळांवर पसरला आणि सुमारे 50 हजार माणसं त्यात उतरली. पुढच्याच महिन्यात मुंबईत नौसैनिकांचं बंड झालं तेव्हा मरीन ड्राइव्ह आणि अंधेरीच्या छावण्यांतल्या भारतीय हवाई सैनिकांनीही काम थांबवलं. शिस्तीच्या गमती सांगताना हे कुणी सांगत नाही. हसू येतं ते पुष्कळ वर्षांनी. त्या शनिवारी कुणाला हसू आलं नव्हतं.

काकांचं बोलणं बिलेटमधून हँगरमध्ये शिरलं तेव्हा सूर बदलला. दुसरे काका इंजिन फिटर होते. तिथे प्रत्येक हत्याराची जागा फळीवर रंगवलेली असायची, पाना काढला की मागे त्याची आकृती दिसायची. हत्यार घेताना त्या जागी आपलं टोकन अडकवायचं. काम झालं की मोजणी. एका रात्री एक छोटा स्क्रूड्रायव्हर कमी भरला. वॉरंटने विमान थांबवलं. सकाळचं उड्डाण होतं, वरून फोन येत होते. कुणीतरी भीत भीत सुचवलं, बाजारातून नवा आणून फळीवर लावू. वॉरंटने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. पॅनेल उघडून उघडून पहाटे तीनच्या सुमाराला तो सापडला, नियंत्रणाच्या दांड्यांजवळच्या एका खाचेत. रात्रभर वॉरंट स्वतः तिथे उभा होता. चहा सगळ्यांना मिळाला, त्याने घेतला नाही.

असंच फॉर्म 700 चं. कुठलं काम कुणी केलं, कुणी तपासलं, कुणाची सही, हे सगळं त्यात. पायलटही त्यावर सही करूनच विमान ताब्यात घेतो. न तपासता सही करणाऱ्याला माफी नव्हती. आमच्याकडेही कोड तपासून मंजुरी द्यायची पद्धत आहे, आणि तिथे न वाचता मंजुरी देणारे सगळ्यांच्याच ओळखीचे असतात. आमचं फार तर सर्व्हर बंद पडतं.

हत्यार मोजणाऱ्या वॉरंटची परंपरा कवायतीच्या मैदानावरून आलेली नाही, असं मला वाटतं. तिच्या मुळाशी हरजिंदर सिंग यांच्यासारखी माणसं आहेत. लाहोरच्या मॅक्लॅगन कॉलेजातून इंजिनिअर होऊनही ते हवाई सिपाही म्हणून भरती झाले. भारतीय माणसाला विमान दुरुस्त करणं जमणार नाही, असं समजणाऱ्यांच्या नजरेखाली ते शिकले. 1942 मध्ये ब्रह्मदेशात मजुमदारांच्या पहिल्या स्क्वाड्रनबरोबर ते वॉरंट ऑफिसर होते. लायसँडर हे टेहळणीचं, संथ विमान. त्याला बॉम्ब टांगून ही स्क्वाड्रन जपानी तळांवर गेली, आणि ती विमानं उडती ठेवली याच हातांनी. पुढे ते एअर व्हाइस मार्शल झाले. इंजिनिअरिंगची पदवी हातात असून शिपायाचा गणवेश चढवायचा, हे आमच्या बॅचच्या किती जणांना झेपलं असतं कोण जाणे.

मी काकांना म्हटलं, मग हँगरमधली शिस्त ठेवायची आणि बुटांची सोडून द्यायची, असं का नाही? दुसऱ्या काकांना ते अजिबात पटलं नाही. ज्या पोराला घोंगडीची घडी नीट घालायचा कंटाळा, त्याच्या हाती बोल्टची लॉकवायर कशी द्यायची, असं त्यांचं म्हणणं. मला हे पूर्ण पटत नाही. माझ्या ओळखीची काही सर्वांत चोख माणसं चुरगळलेल्या शर्टात काम करतात. पण पहाटे तीनला हँगरमध्ये मी उभी नव्हते, ते होते.

तिसरे काका या सगळ्यात गप्प होते. बाकीचे दोघे निघाल्यावर त्यांनी सांगितलं. आईच्या आजारपणाची तार आली, तेव्हा तपासणीच्या आठवड्यात रजा नाही म्हणून वॉरंटने अर्ज पुढेच पाठवला नाही. चार दिवसांनी दुसरी तार आली. मुदत भरताच ते बाहेर पडले. मेळाव्यांना जातात, टोपीचं वाक्य सांगतात, हसतातही. हे मात्र कधी सांगितलं नव्हतं. लिहू का, असं मी विचारलं. लिही, पण वॉरंटचं नाव नको, त्याचीही मुलं असतील, म्हणाले.

ज्यांच्या घरी वडिलांचे सांबऱ्याचे फोटो, जुनी पत्रं, रजेचे कागद असतील, त्यांनी मला कळवा. मी रेकॉर्डर घेऊन येते. काकांना एकटं बसवून विचारायचं, सगळ्यांसमोर नको. आणि जरा लवकर ठरवू या, मी बोलले त्या तिघांपैकी एकांना आता ऐकू कमी येतं.